‘निरुपद्रवी’ : प्रतिज्ञेतला एक शब्द आणि शाळेतली प्राणिदया

आजचा विषय ऐकायला साधा वाटेल. वर्गात मुलांना प्राणिदया कशी शिकवायची? आपल्यापैकी बहुतेकांना ती दोन गोष्टींतून भेटली. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, आणि रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणारे एकनाथ. या कथा आपण घरात ऐकल्या, कीर्तनात ऐकल्या. पण यासाठी शाळेत वेगळा तास हवा, पुस्तक हवं, प्रतिज्ञा हवी, ही कल्पना कुठून आली? आज आपण तिचा माग काढू. आणि त्या प्रतिज्ञेतल्या एका शब्दापाशी जरा थांबू.

सुरुवात इंग्लंडपासून करू. 1693 मध्ये जॉन लॉक या तत्त्वज्ञानं मुलांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्याचं निरीक्षण असं की पाखरांची पिल्लं, फुलपाखरं हातात आली की मुलं त्यांचे हाल करतात, आणि या सवयीनं त्यांचं मन माणसांबाबतही निबर होतं. त्यानं एका आईचं उदाहरण दिलंय. ही बाई मुलींना कुत्रं, खार, पक्षी, हवा तो प्राणी पाळू द्यायची. अट एकच, त्याची नीट काळजी घ्यायची. हयगय झाली तर तो मोठा अपराध. म्हणजे बघा, इथं उपदेश नाही. रोजचं काम आहे.

पुढे 1751 मध्ये विल्यम होगार्थ या चित्रकारानं क्रौर्याच्या चार पायऱ्या दाखवणारी चार चित्रं छापली. पहिल्या चित्रात टॉम नीरो हा धर्मादाय शाळेतला मुलगा कुत्र्याचा छळ करतोय. दुसऱ्यात मोठा झालेला टॉम गाडीच्या घोड्याला झोडपतोय. तिसऱ्यात त्यानं खून केलाय. चौथ्यात फाशी झालेल्या टॉमचं प्रेत शस्त्रवैद्यांच्या टेबलावर आहे, आणि खाली एक कुत्रा त्याचं काळीज खातोय.

लॉक आणि होगार्थ दोघांचाही युक्तिवाद एकच आहे. प्राण्याला छळू नका, कारण उद्या तुम्ही माणसाला छळाल. यात कुत्र्याच्या वेदनेची किंमत दुय्यम आहे, हे आपण लक्षात ठेवायला हवं. आणखी एक गोष्ट. हा धडा बहुतेक वेळा गरिबाच्या पोराला, गाडीवानाला शिकवला जायचा. 1822 मध्ये ब्रिटिश संसदेनं घोडे आणि गुराढोरांच्या छळाविरुद्ध कायदा केला, पण सरदारांची कोल्ह्याची शिकार त्यातून सुटली.

आता अमेरिकेत बोस्टनला जाऊ. जॉर्ज एंजेल नावाचे वकील होते. 1864 मध्येच त्यांनी मृत्युपत्रात आपल्या मालमत्तेचा मोठा भाग शाळांमधून प्राणिदयेचं साहित्य वाटण्यासाठी लिहून ठेवला होता. मग 1868 च्या फेब्रुवारीत दोन घोड्यांची सुमारे चाळीस मैलांची शर्यत लावली गेली, आणि दोन्ही घोडे त्यात मेले. एंजेल यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं, लोक पुढे आले, आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये प्राणिछळ प्रतिबंधक संस्था उभी राहिली. तिच्या मासिकाचं नाव होतं ‘अवर डम्ब ॲनिमल्स’. आपण मराठीत अगदी सहज म्हणतो ना, ‘मुकी जनावरं’? तेच.

इंग्लंडमध्ये कॅथरीन स्मिदीज या बाईंनी 1875 मध्ये मुलांचे ‘बँड ऑफ मर्सी’, म्हणजे दयासंघ, सुरू केले होते. 1882 मध्ये एंजेल आणि थॉमस टिमिन्स या धर्मोपदेशकांनी ते अमेरिकेत आणले. रचना सोपी होती. एका वर्गाचा किंवा गावाचा संघ, वर्गणी नाही, छातीवर बिल्ला. सभेत गाणी व्हायची, गोष्टी व्हायच्या. मग मुलांनी उठून सांगायचं की मागच्या सभेनंतर आपण माणसांसाठी आणि मुक्या जनावरांसाठी काय चांगलं केलं. ॲना स्यूएलची घोड्याच्या तोंडून सांगितलेली ‘ब्लॅक ब्यूटी’ ही 1877 ची कादंबरी एंजेल यांनी 1890 मध्ये अमेरिकेत छापली आणि गावोगाव पोहोचवली. 1909 मध्ये इलिनॉय राज्यानं तर कायदाच केला की शाळेत आठवड्याला किमान अर्धा तास हा विषय शिकवायचा.

आता त्या शब्दाकडे येऊ. आपल्या पाठ्यपुस्तकांत सुरुवातीला प्रतिज्ञा असते, तशी या संघांचीही एक होती. तिचा आशय असा: सर्व निरुपद्रवी जिवांशी मी दयेनं वागण्याचा प्रयत्न करीन आणि त्यांना छळापासून वाचवण्याचा प्रयत्न करीन. पण तिच्याबरोबर एक सूचनाही छापलेली असायची. ज्या सदस्याला ‘निरुपद्रवी’ हा शब्द नको असेल, त्यानं तो खोडला तरी चालेल!

आम्हाला या सगळ्या इतिहासात ही सूचना सर्वांत मोलाची वाटते. प्रतिज्ञा लिहिणाऱ्यांनाच अडचण कळली होती. निरुपद्रवी कोण, हे ठरवायचं कुणी?

हा प्रश्न आपल्या मुंबईनं त्याआधीच पाहिला होता. भटकी कुत्री मारणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं. 1832 मध्ये त्यावरून पारशी समाज खवळला, दंगल झाली. सरकारच्या लेखी ती उपद्रवी कुत्री होती, लोकांच्या लेखी आपल्या दारातली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं मुंबईत पांजरपोळ उभा राहिला. पुढे 1874 मध्ये मुंबईची प्राणिछळ प्रतिबंधक संस्था आली, आणि 1883 मध्ये परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं इस्पितळ. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी संसदेत विषय लावून धरला आणि 1960 चा कायदा झाला. त्यात प्राणिकल्याण मंडळाला लोकशिक्षणाचंही काम दिलंय. 1976 मध्ये घटनेत मूलभूत कर्तव्यं आली. त्यात सजीवांविषयी करुणा बाळगणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगितलंय. तिथं ‘निरुपद्रवी’ हा शब्द नाही.

पण कागदावरून शब्द गेला म्हणून वर्गातला प्रश्न सुटत नाही. शाळेच्या आवारात साप निघाला की काय होतं, आपल्याला ठाऊक आहे. काठ्या येतात. मेलेली असते बहुधा धामण, जी उंदीर खाते आणि विषारी नसते. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असं आपल्याकडे सांगतात. सापाला दूध पचत नाही, तरी नागपंचमीला ते पाजण्याचा प्रयत्न होतो. म्हणजे आपण सापाला मारतो तेही अज्ञानातून आणि पुजतो तेही अज्ञानातून. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप ज्या मुलाला ओळखता येतात, ते मूल घाबरून काठी उचलत नाही. लांब उभं राहतं आणि मोठ्यांना बोलावतं. त्याच्या दयेला ज्ञानाचा आधार असतो.

कुत्र्याचंही तसंच. ‘कुत्र्यांवर प्रेम करा’ एवढंच शिकवून मुलाला रस्त्यावर सोडणं ही बेजबाबदारी आहे. पिलांजवळच्या कुत्रीला, खात असलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवायची, घरी लपवायचं नाही, लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. हाही प्राणिदयेचाच धडा आहे, कारण ज्या गावात रेबीजनं मूल दगावतं, तिथं दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना दया दाखवायला कुणी उरत नाही.

म्हणून शिक्षकांना आमची एक विनंती आहे. ती जुनी प्रतिज्ञा एकदा फळ्यावर लिहा आणि ‘निरुपद्रवी’ शब्द ठेवायचा की खोडायचा, यावर वर्गाला भांडू द्या. डास, उंदीर, साप, बिबट्या, सगळे येऊ देत. आपलं उत्तर आधी सांगू नका. आणि लॉकनं सांगितलेल्या त्या आईसारखं एखादं रोजचं कामही मुलांकडे सोपवा. उन्हाळ्यात पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं रोज घासून भरणं, एवढं पुरे. नामदेवांच्या गोष्टीतलं कुत्रं पोळी चोरणारंच होतं, निरुपद्रवी नव्हतं. तरी ते तूप घेऊन धावले.

इथं थांबू या.