पालखी नावाचे गलबत

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन मी सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो होतो. शिरोड्याहून वेंगुर्ल्यावरून मालवण, आणि तिथून होडीने किल्ला. होडी सरळ किल्ल्याकडे जाईल असे मुलांना वाटले होते, पण तांडेल तिला कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळवीत होता. एका मुलाने कारण विचारले तेव्हा तांडेलाने पाण्यातून नजर न काढता उत्तर दिले, "खाली खडक आसा." पाण्यावर तर काहीच दिसत नव्हते.

किल्ल्यात शिवराजेश्वराचे दर्शन झाले. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या खाऱ्या पाण्याच्या मध्यावरच्या गोड विहिरी पाहून झाल्या. मग तटाच्या सावलीत बसून मी मुलांना नेहमीची हकीकत सांगितली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर महाराजांनी पायाचा दगड बसविला वगैरे. तेव्हा मागे बसलेला, वर्गात सहसा तोंड न उघडणारा एक मुलगा उठला. त्याच्या घरी तीन पिढ्या मासेमारी आहे. तो म्हणाला, "सर, किल्लो म्हाराजांनी बांधल्यानी, पण गलबतां कोणी बांधल्यानी?"

मी त्याला त्या वेळी दिलेले उत्तर अर्धेमुर्धे होते. ते पुरे करण्यासाठी हा लेख लिहीत आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला जरा कोरडा विषय खरा, पण वाचकांनी थोडा धीर धरावा. पुढे रुसवेफुगवे आहेत, पळून जाणे आहे आणि एक पालखीही आहे.

महाराजांचा जन्म डोंगरी मुलखातला, सैन्य मावळ्यांचे. घोडा आणि गड यांचे शिक्षण घरातच मिळाले. समुद्र मात्र परका होता. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आली आणि खाडीच्या पलीकडे कोण कोण बसले आहे ते दिसू लागले. जंजिऱ्याला सिद्दी होता, वसईला आणि गोव्याला पोर्तुगीज होते. समुद्रावर राज्य करायचे तर गलबते हवीत. गलबते पैशाने मिळतील, पण ती बांधणारा, हाकणारा आणि त्यांवरून तोफ डागणारा माणूस कोठून आणायचा?

पहिले उत्तर त्या काळच्या कुठल्याही राजाने दिले असते तेच दिले गेले: ज्याला विद्या येते त्यालाच नोकरीस ठेवावे. १६५९ साली कल्याण-भिवंडीच्या बाजूस वीसएक लढाऊ गलबतांचे काम सुरू झाले आणि त्यावर रुय लैतांव व्हियेगश नावाचा पोर्तुगीज नेमला गेला. त्याच्या हाताखाली बायकामुले व नोकरचाकर धरून तीनशेहून अधिक माणसे होती. गलबते सिद्दीविरुद्ध आहेत असे पोर्तुगीजांना सांगण्यात आले होते. पण वसईच्या कप्तानाला यातला धोका ओळखता आला. आज सिद्दीसाठी बांधलेले गलबत उद्या आपल्यावर चालून येईल, हे समजायला फारशी अक्कल लागत नव्हती. त्याने व्हियेगशकडे निरोप धाडून त्याचे मन वळविले, आणि एके दिवशी ही सारी मंडळी काम टाकून मुंबई-वसईकडे निघून गेली.

कादंबरी लिहिणाऱ्याला हा प्रसंग सोडवत नाही. किनाऱ्यावर अर्ध्या फळ्या चढविलेली गलबते उभी आहेत, बाजूस करवती पडल्या आहेत, आणि सकाळी कामावर आलेला एखादा कल्याणचा सुतार एकटाच त्या सांगाड्यांकडे पाहत उभा आहे. हे चित्र कागदपत्रांत नाही, माझ्या मनातले आहे. पण त्या सुताराला मी इतक्यात सोडणार नाही, कारण पुढचा इतिहास त्यानेच घडविला असावा असा माझा तर्क आहे.

तर्काला आधार असा. व्हियेगश गेला तो १६५९ साली. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः बसरूरच्या स्वारीसाठी मालवणहून समुद्रमार्गे निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर ८५ लहान लढाऊ गलबते आणि ३ मोठी जहाजे होती, अशी नोंद कारवारच्या इंग्रजांनी केली आहे. सहा वर्षांत हे आरमार आभाळातून पडले नाही. पळून जाणाऱ्याला आपली हत्यारे नेता आली. पण शेजारी उभे राहून ज्याने महिनोन् महिने पाहिले, त्याच्या डोळ्यांतले तो कसे नेणार?

या प्रसंगानंतर परक्यांना वर्ज्य केले, असे मात्र झाले नाही. शहाणा धनी एका ठेचेने दार लावून घेत नाही. फरक पडला तो इतकाच की आरमाराचा कणा किनाऱ्यावरच्या माणसांचा झाला. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी हे लोक गलबतावर चढले. यांच्यापैकी कोणाच्याही घरात सरदारकी नव्हती. पण मतलई वारा केव्हा सुटतो, उधाणाला कोणत्या खाडीत किती पाणी चढते, आणि खडक कोठे आहे, हे त्यांना ठाऊक होते. आमच्या होडीचा तांडेल जे जाणत होता तेच.

माणसे भरती करणे हा झाला एक भाग. त्यांच्या हाती अधिकार देणे हा त्याहून अवघड. सभासदाने आपल्या बखरीत आरमाराचे दोन सुभेदार सांगितले आहेत. एक दर्यासारंग, मुसलमान. दुसरा मायनाक भंडारी. तिसरे मोठे नाव दौलतखानाचे. म्हणजे जे राज्य मराठ्यांचे म्हणून आपण ओळखतो, त्याचा समुद्र या तिघांच्या स्वाधीन होता. १६७९ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा बेट धरून बसला मायनाक भंडारी आणि रसद पोचविणारी गलबते चालवीत होता दौलतखान. १८ ऑक्टोबरला झालेल्या झुंजीत इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना वारा लागे. आमच्या गलबतांना वल्ही होती आणि उथळ पाणी चालत होते. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी राहिली.

पण वर नेमणूक झाली म्हणून खालची माणसे ती मनापासून मानतात असे थोडेच आहे! नेमणूक करणारा दूर असतो. रोजचा संबंध कोठाराच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला असतात त्याच्याशी येतो. इथे एक पत्र सांगितलेच पाहिजे.

जानेवारी १६७५. जंजिऱ्याशेजारी पद्मदुर्ग बांधला जात होता आणि दौलतखान व दर्यासारंग तेथे आरमार घेऊन होते. त्यांना पैका आणि धान्य पोचविण्याचा हुकूम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला होता. त्याने ते दिले नाही. ही गोष्ट महाराजांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी त्याला लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. सिद्दीच्या राजपुरीसमोर दुसरी राजपुरी उभी करण्याचे काम चालले असता तुम्ही आरमार अडविता, तेव्हा हबशाने तुम्हाला काही चारले असावे, असा रोख त्यात आहे. आणि तुम्ही ब्राह्मण म्हणून कोणी तुमची भीड धरील या भरवशावर राहू नका, अशी स्पष्ट ताकीद आहे.

जिवाजी विनायकाने असे का केले हे पत्रावरून कळत नाही, आणि ते जातीच्या आढ्यतेनेच केले असे मी म्हणणार नाही. कदाचित कोठारात धान्यच नसेल. कदाचित आपल्या कारकुनी शिस्तीपुढे समुद्रावरची निकड त्याला दिसली नसेल. हा रोग फार जुना आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, एका बाजूस लेखणीवाला सुभेदार आणि दुसऱ्या बाजूस दोन दर्यावर्दी असा तंटा आला, तेव्हा राजाने समुद्राकडची बाजू घेतली, आणि ती कागदावर घेतली. खाडीत उपाशी बसलेल्या खलाशांपर्यंत ती बातमी पोचली असेलच. असे पत्र एक गेले की दहा वर्षे माणसे पळून जात नाहीत.

पगाराचेही तेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराचा खर्च मुलखाच्या ठराविक उत्पन्नातून नेमून द्यावा, समुद्रावर जे मिळेल त्यावर खलाशांना सोडू नये, नाहीतर सावकारांना उपद्रव होऊन बंदरे ओस पडतील, असा त्याचा आशय आहे.

आता पालखी. ही हकीकत परंपरेने चालत आलेली आहे, तेव्हा तिला पत्राचे वजन देऊ नये. पण ती खोटी असती तरी मी सांगितली असती. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावायच्या असा बेत ठरला. काम मरणाचे, कारण तटावर सिद्दीचा पहारा आणि खाली खवळलेले पाणी. लाय पाटील नावाच्या कोळ्याने ते पत्करले आणि शिड्या लावल्या. वर चढणारे सैन्य मात्र वेळेवर आले नाही, आणि पहाटे शिड्या काढून त्याला परतावे लागले. बेत फसला. तरीही महाराजांनी त्याला बोलावून पालखीचा मान देऊ केला. लाय पाटील म्हणाला, आम्ही दर्यावर राहणारे, पालखी घेऊन काय करू? तेव्हा महाराजांनी त्याला एक गलबत बांधून देवविले आणि त्या गलबताचे नावच 'पालखी' ठेवले.

वाचकांनी इथे दोन गोष्टी पाहाव्यात. फसलेल्या कामाबद्दल मान मिळाला, आणि नाकारलेला मान त्याला पेलेल अशा रूपाने परत आला. दरबारात पालखी म्हणजे सरदाराची ओळख. कोळ्याला ती देऊन खुर्चीवर बसविणे सोपे होते. त्याचा धंदा न सोडविता त्याला सरदार करणे, यासाठी डोके लागते.

सिद्दीचेही न्याय्य माप दिले पाहिजे. जंजिरा कधीच आपल्या हाती आला नाही. त्याच्या तटाचे कौतुक सगळे करतात. मला त्याच्या रिवाजाचे अधिक वाटते. तिथे बापामागून मुलगाच गादीवर येई असे नव्हते, सिद्दी सरदारांतला कर्ता माणूस पुढे येई. १६७१ च्या सुमारास फत्तेखान जंजिरा सोडून द्यायला तयार झाला, तेव्हा त्याच्याच हाताखालच्या सिद्दींनी त्याला कैदेत टाकले आणि किल्ला राखला.

पुढची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना हात जड होतो. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षाला होते आणि त्यांनी शाहूंच्या पेशव्यालाच कैद केले होते. १७१३ साली पेशवेपद मिळालेल्या बाळाजी विश्वनाथाने त्यांच्याशी लढाई न करता बोलणी केली, सरखेलपद व किल्ले त्यांच्याकडे ठेवले, आणि समुद्र शाहूंच्या बाजूस वळविला. कान्होजींच्या आरमारात युरोपीय तोफचीही होते. १७२९ साली ते वारले तोवर इंग्रज आणि पोर्तुगीज त्यांच्यापुढे हात टेकून होते.

त्याच बाळाजीच्या नातवाच्या कारकिर्दीत, १७५५ साली, तुळाजी आंग्ऱ्यांविरुद्ध पेशव्यांच्या सरसुभेदाराने इंग्रजांशी करार केला. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, वागायला कठीण होता, हे खरे. पण त्याच्या आजूबाजूला शंभर वर्षांची विद्या होती. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज आंग्ऱ्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच घेतलेले होते. त्याची आग शेजारच्या गलबतांना लागली आणि आरमार खाडीत जळून गेले. तुळाजी उरलेले आयुष्य कैदेत राहिला. पेशव्यांनी पुढे विजयदुर्गास आनंदराव धुळपांकडे आरमार उभे केले, आणि १७८३ साली धुळपांनी इंग्रजांचे 'रेंजर' पकडलेही. पण तो मोडलेला कणा पुन्हा ताठ झाला नाही.

आणि त्या वर्षांत मुंबईचे इंग्रज काय करीत होते? १७३६ साली त्यांनी सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराला काही साथीदारांसह मुंबईस आणले. गोदीचे काम त्याला सांगितले, त्याच्यामागून त्याच्या मुलांना, मग नातवांना. जवळजवळ दीडशे वर्षे ते घराणे तिथे राहिले. १८१७ साली त्यांनी सागवानात बांधलेले 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर उभे आहे. व्हियेगशच्या वेळी आम्हांला जे साधले नाही ते इंग्रजांना साधले. आणि विजयदुर्ग जळल्यावर आमच्या किनाऱ्यावरची पोरे, पोटासाठी, त्यांच्याच जहाजांवर खलाशी म्हणून चढली.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले ते सहलीनंतर, शाळेच्या व्हरांड्यात. त्याने शांतपणे ऐकून घेतले. सहामाही परीक्षेत 'शिवाजी महाराजांचे सहकारी' असा प्रश्न आला, तेव्हा त्याने तानाजी, बाजीप्रभू, नेताजी यांच्यानंतर मायनाक भंडारी, दौलतखान आणि लाय पाटील अशी नावे लिहिली, आणि खाली चौथे लिहिले: "सुतार, नाव माहीत नाही." पाठ्यपुस्तकात हे उत्तर नव्हते. मी त्याला पूर्ण गुण दिले.