मुले आणि कुटुंबांसोबत काम करायचे आहे? पांढुर्णा-सौंसर भागातील विद्यार्थ्यांसाठी शिक्षणाची माहिती

बारावीचा निकाल लागला की आपल्या समाजातील बहुतेक घरांत इंजिनीअरिंग, नर्सिंग, बी.एड. आणि बँकेची परीक्षा एवढ्याच वाटांची चर्चा होते. एखादी मुलगी म्हणाली, "मला लहान मुलांसोबत काम करायचं आहे," तर तिला "मग शिक्षिका हो" असे सांगून विषय संपवला जातो. प्रत्यक्षात या क्षेत्रात शिक्षकी पेशाशिवाय आणखी चार-पाच वाटा आहेत. प्रत्येक वाटेची पात्रता वेगळी, मान्यता देणारी संस्था वेगळी आणि पगारही वेगळा. पालकांना व विद्यार्थ्यांना हे एका ठिकाणी वाचायला मिळावे म्हणून ही माहिती संकलित केली आहे.

हे काम आपल्याला परके नाही

बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत मराठी स्त्रिया अग्रभागी होत्या. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा विचार तिथलाच. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ विकासखंडांत सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगावी पोहोचली. आपल्या जवळच्या नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघ स्थापन करून माता व बालकांच्या सेवेचे काम उभे केले. त्या काळी आपला भाग मध्य प्रांतात होता आणि नागपूर ही राजधानी होती.

आताच विचार का करावा?

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार प्रत्येक जिल्ह्यासाठी बाल कल्याण समिती, किशोर न्याय मंडळ आणि जिल्हा बाल संरक्षण युनिट असावे लागते. या युनिटचे काम 'मिशन वात्सल्य' योजनेखाली चालते. त्यात संरक्षण अधिकारी, विधी-सह-परिवीक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता अशी पदे असतात. ती बहुतेक कंत्राटी असतात, हे आधीच लक्षात घ्यावे. पण पूर्वी अशा कामासाठी छिंदवाड्याकडे पाहावे लागे, आता आपला जिल्हा आहे. पदे निघतील तेव्हा पात्र उमेदवार आपल्या तहसिलींतून असावेत, असे वाटत असेल तर तयारी तीन-चार वर्षे आधी सुरू करावी लागते.

वाट पहिली : अंगणवाडी

२०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार कार्यकर्तीसाठी बारावी उत्तीर्ण, वय १८ ते ३५ आणि स्थानिक रहिवासी असणे अपेक्षित आहे. हे नियमित वेतन नसून मानदेय आहे. केंद्राने २०१८ मध्ये कार्यकर्तीचे मानदेय ४,५०० रुपये ठरवले, त्यात राज्य सरकार आपली भर घालते. रक्कम थोडी असली तरी पुढे जाण्याची सोय आहे. पाच वर्षांचा अनुभव असलेल्या कार्यकर्तींमधून पर्यवेक्षकांची निम्मी पदे भरावीत, असे त्याच सूचनांत आहे. म्हणून अंगणवाडीत लागलेल्या सुनेने वा मुलीने पदवीचा अभ्यास थांबवू नये. पर्यवेक्षक होताना ती पदवी कामी येते.

वाट दुसरी : प्राथमिक व पूर्व-प्राथमिक शिक्षण

पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बारावीनंतरचा दोन वर्षांचा डी.एल.एड. हा अभ्यासक्रम आहे. छिंदवाड्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) आहे. त्यानंतर मध्य प्रदेशात कर्मचारी चयन मंडळाची पात्रता परीक्षा आणि मग निवड परीक्षा, अशा दोन पायऱ्या आहेत.

येथे अनेकांचा गोंधळ होतो. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की प्राथमिक वर्गांच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता नाही. ज्याला लहान मुलांनाच शिकवायचे आहे त्याने आधी बी.एड. करण्यात पैसा आणि वर्षे घालवू नयेत.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. त्यामुळे पूर्व-प्राथमिकचे महत्त्व वाढत आहे. त्यासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची (एनसीटीई) मान्यता असलेला दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. गल्लोगल्ली मिळणारी 'एन.टी.टी.' प्रमाणपत्रे बहुधा या मान्यतेबाहेरची असतात. खाजगी नर्सरीत ती चालतात, सरकारी भरतीत नाही.

वाट तिसरी : समाजकार्य

बारावीनंतर बी.एस.डब्ल्यू. आणि कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांचे एम.एस.डब्ल्यू. बाल संरक्षण, रुग्णालये, कुटुंब समुपदेशन केंद्रे आणि स्वयंसेवी संस्था येथे हीच पदवी सर्वाधिक मागितली जाते. वर्गातील शिकवणीइतकेच वजन क्षेत्रकार्याला असते. आठवड्यातील ठरावीक दिवस विद्यार्थ्याला एखाद्या वस्तीत वा संस्थेत काम करून त्याचा अहवाल लिहावा लागतो.

नागपुरात मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था आणि तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय ही जुनी नावे आहेत. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ ची. संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये याच संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली.

घर किंवा शेती सोडून जाता येत नसेल त्यांच्यासाठी दोन सोयी आहेत. पहिली म्हणजे मध्य प्रदेश जन अभियान परिषदेचा मुख्यमंत्री सामुदायिक नेतृत्व क्षमता विकास कार्यक्रम. यात चित्रकूटच्या महात्मा गांधी ग्रामोदय विश्वविद्यालयाची समाजकार्य पदवी मिळते आणि वर्ग विकासखंड पातळीवर सुट्टीच्या दिवशी भरतात. दुसरी म्हणजे इग्नू. तेथे बी.एस.डब्ल्यू., एम.एस.डब्ल्यू. आणि बारावीनंतरची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका दूरशिक्षणाने करता येते. ही पदविका कामाचे ज्ञान देते, मात्र ती शिक्षकपदासाठीच्या डी.एल.एड.ची जागा घेत नाही.

वाट चौथी : दिव्यांग मुलांसाठी विशेष शिक्षण

मतिमंदत्व, श्रवणदोष, स्वमग्नता अशा अडचणी असलेल्या मुलांच्या शिक्षकांची आपल्याकडे फार उणीव आहे. विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा बी.एड. करताना अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता हवी. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर परिषदेच्या नोंदवहीत नाव नोंदवल्याशिवाय व्यावसायिक काम करता येत नाही.

वाट पाचवी : मानसशास्त्र व समुपदेशन

बी.ए. मानसशास्त्र, मग एम.ए. आणि त्यापुढे प्रशिक्षण असा हा लांबचा रस्ता आहे. समुपदेशक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. दुसऱ्यासाठी पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राच्या दूरशिक्षण प्रवेशांना मनाई केली आहे. म्हणून 'घरबसल्या मानसशास्त्राची पदवी' अशा जाहिरातींपासून सावध राहावे. मुलींसाठी गृहविज्ञानातील मानव विकास ही शाखाही विचारात घेण्यासारखी आहे.

राज्याच्या सीमेचा हिशेब

आपल्याला शाळा-महाविद्यालयासाठी, दवाखान्यासाठी आणि सोयरिकीसाठी नागपूर, काटोल, नरखेड, वरुड जवळ. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र ही सीमा पक्की आहे. पुढील गोष्टी प्रवेशाआधी तपासाव्यात :

१. आपला विद्यार्थी महाराष्ट्रात परराज्यातील ठरतो. राज्याच्या कोट्यातील जागा, आरक्षण आणि फी सवलत त्याला साधारणपणे मिळत नाही.

२. इतर मागासवर्गाच्या याद्या राज्यनिहाय आहेत. महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या सुनेला तिच्या माहेरच्या जातप्रमाणपत्रावर मध्य प्रदेशातील आरक्षण मिळेल असे धरून चालू नये. आपल्या मुली तिकडे दिल्या असतील तर त्यांनाही हेच लागू.

३. मूल निवासी प्रमाणपत्र, समग्र आयडी, आधार आणि गुणपत्रिकेतील नाव एकच असावे. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या मुलींचे अर्ज याच ठिकाणी अडकतात.

४. महाराष्ट्रातील पदविका घेऊन मध्य प्रदेशात नोकरी करायची असेल तर भरतीच्या मागील जाहिरातीत कोणती पात्रता लिहिली होती, ते वाचून मगच प्रवेश घ्यावा.

पैशाचा हिशेब

बँकेत कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षे बसलो, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःची रक्कमही घालावी लागत नाही. पालक सहकर्जदार असतात. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. तोपर्यंत व्याज लागतच असते, हे मात्र पुष्कळांना कर्ज घेतल्यावर कळते.

समजा एम.एस.डब्ल्यू.साठी १० टक्के दराने २ लाख घेतले आणि सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली. दोन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष सवलत, म्हणजे तीन वर्षांचे सरळव्याज ६०,००० रुपये. ते दरवर्षी भरत गेलात तर पाच वर्षांचा हप्ता सुमारे ४,२५० रुपये पडतो. न भरता मुद्दलात जाऊ दिले तर तो सुमारे ५,५०० होतो. दरमहा १,७०० रुपये व्याज भरण्याची सोय असेल तर अवश्य भरावे.

या क्षेत्रात सुरुवातीचा पगार कमी असतो. तेव्हा चार-पाच लाखांचे कर्ज काढून खाजगी संस्थेत प्रवेश घेणे बहुतेक घरांना झेपणार नाही. माझ्या टेबलावर असे एक घर आले होते. संत्र्याच्या बहारावर भिस्त ठेवून मुलीला दुसऱ्या शहरात मान्यता नसलेला अभ्यासक्रम दिला. बहार गळाला, प्रमाणपत्र भरतीत चालले नाही आणि हप्ता राहिला. कागद तपासणे माझेही काम होते. तेव्हा मी फीची पावती पाहिली, मान्यतेचे पत्र मागितले नाही. ही चूक आजही टोचते. म्हणून आग्रहाने सांगतो : फी भरण्याआधी संस्थेचे नाव एनसीटीई, आरसीआय किंवा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत स्वतः शोधा. नाव सापडले नाही तर पैसे देऊ नका.

आपली भाषा हीच आपली पात्रता

आपल्याकडचे मूल घरी मराठी बोलते, काही घरांत पवारी, काही गावांत गोंडी. शाळेत आणि कार्यालयात हिंदी. घाबरलेले मूल वा भांडणाने थकलेली आई आपली गोष्ट घरच्याच भाषेत सांगते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी असे सांगते. ते कागदावर राहू नये असे वाटत असेल, तर मराठी, हिंदी आणि गावची बोली तिन्ही येणारी शिकलेली माणसे अंगणवाडीत, शाळेत आणि बाल कल्याण समितीत बसली पाहिजेत. या समितीवर येण्यासाठी संबंधित विषयाची पदवी लागते आणि तिच्यासोबत मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव किंवा त्या विषयातील प्रत्यक्ष व्यवसाय लागतो. आपल्या समाजातील निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनीही याचा विचार करावा.

घरातल्या मुलीने वा मुलाने या वाटेचे नाव काढले तर "त्यात काय मिळणार?" हा प्रश्न जरूर विचारा, तो रास्त आहे. फक्त उत्तर शोधताना तिच्या शेजारी बसा, भरतीची जाहिरात आणि मान्यतेची यादी दोन्ही उघडून.