मामलेदारांचा खजिना, डोंगराचा खजिना

देवमामलेदारांची गोष्ट सटाण्यात मुद्दाम कुणी सांगत नाही. ती कानावर पडतेच. 1870-71 च्या दुष्काळात मामलेदार यशवंतराव भोसेकरांनी सरकारी खजिन्यातले 1 लाख 27 हजार रुपये भुकेल्या रयतेला वाटून टाकले. माझे आजोबा मात्र तिथे थांबत नसत. खजिना सटाण्यात होता, साल्हेर किल्ल्याच्या अंगाच्या माणसांना डोंगरानं जगवलं, असं ते म्हणत. मग त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सगळं बाहेर यायचं: वाळवून कणगीत ठेवलेली मोहाची फुलं, उंबरं, आणि कडू कंद. तो उकडायचा, चकत्या करायच्या, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे त्याचा कडूपणा उतरायचा. त्या वर्षी वाहतं पाणी कुठून आलं, असं मी विचारलं होतं. "वर झाडी व्हती ना," एवढंच उत्तर मिळालं.

या उत्तरात आरम आणि मोसम या इथल्या नद्यांचा सगळा हिशेब आहे. पावसाचा मारा झाडी अंगावर घेते, पालापाचोळा पाणी धरतो, मुळांच्या वाटेनं ते खडकाच्या भेगांत उतरतं आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांतून नदीला मिळत राहतं. सटाणा पर्जन्यछायेत, इथली शेती वरच्या डोंगराच्या उधारीवर. सिंचनाची फड पद्धत याच भरवशावर उभी राहिली. बंधारा, पाट, पाळीनं पाणी सोडणारा पाटकरी; सगळी मांडणी माणसांची, पण नदी वाहती ठेवायचं काम रानाचं.

पण ते रान गेलं कसं? कुऱ्हाड दिसते, कागद दिसत नाही. 1878 च्या वन कायद्यानं जंगलं राखीव झाली. गावाचा हक्क सरकारी सवलत ठरला आणि राखणारा माणूस चोर. 1930 मध्ये शेजारच्या चणकापूरला आदिवासींनी जंगल सत्याग्रह केला, तो याच रागातून. ज्याचं रानात काही उरलं नाही, त्यानं ते राखावं तरी कशासाठी? मला तोडीचं मूळ इथे दिसतं.

2006 च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक हक्काची वाट पुन्हा मोकळी केली. मार्गशीर्षात पश्चिमेकडच्या पाड्यांवर डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. डोंगरालाच देव मानणाऱ्या त्या माणसांना रान राखणं शिकवावं लागणार नाही. त्याच महिन्यात वद्य एकादशीला सटाण्यात देवमामलेदारांचा रथ निघतो. शहरानं एका खजिन्याची आठवण इतक्या प्रेमानं जपली, तर दुसऱ्याचाही भार उचलावा. उघड्या डोंगराची माती केळझर आणि हरणबारी धरणांत उतरते, तो तोटा आपलाच आहे. म्हणून ज्या डाळिंबांना आणि कांद्याला या धरणांचं पाणी लागतं, त्यांच्या मालकांनी वर्गणी काढावी आणि डोंगरावर पुन्हा झाडं लावून ती राखणाऱ्या वरच्या गावांतल्या माणसांची मजुरी भरावी. निदान नव्या रोपांचे पहिले तीन उन्हाळे निघेपर्यंत तरी.