वाळवंटातील पल्ला आणि कमानीचे पाटे

दुसऱ्या महायुद्धातील उत्तर आफ्रिकेच्या रणक्षेत्राचा इतिहास बहुधा सेनापतींच्या नावांनी आणि किनाऱ्यालगतच्या गावांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. टोब्रुक, बेनगाझी, एल अलामेन ही नावे मराठी वाचकासही अपरिचित नाहीत. किनाऱ्याच्या दक्षिणेस शेकडो मैल पसरलेल्या निर्जल अंतर्भागात मात्र एक निराळेच युद्ध चालले होते. त्यात माणसे थोडी, गोळीबाराचे प्रसंग विरळ आणि अंतरे प्रचंड होती. हे युद्ध मुख्यतः ज्या पथकाने केले ते 'लाँग रेंज डेझर्ट ग्रूप', म्हणजे दीर्घ पल्ल्याचे वाळवंटी पथक, १९४० च्या जुलै महिन्यात कैरो येथे उभारले गेले. त्याच्या पराक्रमाच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. त्या पुन्हा सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. ज्या 'दीर्घ पल्ल्या'वरून पथकास नाव मिळाले तो पल्ला कशाने ठरला, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे. त्याचे उत्तर धाडसात किंवा इंजिनाच्या शक्तीत जितके आहे, त्याहून अधिक ते गाडीखालच्या कमानीत आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

(१)

आपल्याकडील मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांत जिला 'कमान' आणि जिच्या पट्ट्यांना 'पाटे' म्हणतात, ती मालमोटारीची स्प्रिंग रचनेने साधी वस्तू आहे. कमी-अधिक लांबीचे वाकविलेले पोलादी पाटे एकावर एक रचून, मध्यभागी एका बोल्टाने जखडून ते यू-बोल्टांनी आसाशी बांधतात. सर्वांत लांब असलेल्या मुख्य पाट्याची टोके गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असतात. चाकास बसलेला धक्का पाटे वाकून सोसतात आणि त्यांच्या परस्पर घर्षणाने तो काही अंशी जिरतो.

हे पाटे एखाद्या मोठ्या आघातानेच तुटतात असे नाही. पुनःपुन्हा वाकल्याने धातू शिणतो, सूक्ष्म तडा पडतो, आणि तो वाढत जाऊन एके दिवशी पाटा दुभंगतो. प्रशियाच्या रेल्वेत काम करणाऱ्या आउगुस्ट व्योलर यांनी डब्यांच्या आसांवर केलेल्या प्रयोगांनी हा सिद्धांत एकोणिसाव्या शतकातच दृढ केला होता. त्यातील मर्म असे की ताण थोडा वाढला तरी धातूचे आयुष्य त्या प्रमाणात नव्हे, तर कितीतरी अधिक घटते. भार दुप्पट केला म्हणजे पाट्याचे आयुष्य निम्मे होते असा हिशेब जो धरील, तो वाळवंटात फसेल.

त्यात वाळवंटाची भूमी एकजिनसी नसते. 'सरीर' नावाच्या खडीच्या सपाट मैदानावर गाडी वेगाने जाते, पण बारीक कंप अखंड चालू राहतो. 'हमादा' या खडकाळ पठारावर प्रत्येक चाक स्वतंत्रपणे आपटते. वाळूच्या टेकड्यांत वाऱ्याकडील अंग बहुधा घट्ट असते, तर आडोशाकडील उतार सुटा आणि उभा असतो, त्यामुळे माथ्यावरून गाडी खाली आदळण्याचा धोका राहतो. शिवाय वाळूचे कण पाट्यांच्या मध्ये शिरून त्यांना घासत असतात. यू-बोल्ट किंचित सैल झाला की पाटा मध्यावरील छिद्रापाशी तुटतो. पाटे एकत्र धरणारी चिमटी निसटली, तर चाक उसळून खाली जाताना सगळा ताण एकट्या मुख्य पाट्यावर येतो.

(२)

हे ज्ञान १९४० मध्ये एकाएकी उत्पन्न झाले नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ पासून, इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात सनुसी टोळ्यांविरुद्ध ब्रिटिशांनी हलक्या मोटारींच्या तुकड्या वापरल्या. त्यांच्या फोर्ड 'मॉडेल टी' गाड्यांना प्रत्येक आसावर एकच आडवी कमान असे. गाडी इतकी हलकी होती की रुतल्यास चार-पाच माणसे ती ढकलून बाहेर काढू शकत. इजिप्तच्या भूमापन खात्यातील जॉन बॉल आणि या तुकड्यांतील अधिकारी क्लॉड विल्यम्स यांनी तेव्हा बराच अज्ञात प्रदेश नकाशावर आणला. फ्रेंच सहारात याच समस्येस निराळे उत्तर शोधण्यात आले. डिसेंबर १९२२ मध्ये तुगूर्तहून निघालेल्या पाच सित्रोएन गाड्यांना मागील चाकांऐवजी रबरी पट्टे बसविले होते, आणि त्या जानेवारी १९२३ मध्ये टिंबक्टूस पोहोचल्या.

या दोन मार्गांपैकी हलक्या चाकी गाडीचा मार्ग ज्यांनी परिपूर्ण केला ते राल्फ बॅगनोल्ड (१८९६–१९९०) हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी होते. इजिप्तमध्ये नेमणुकीवर असता त्यांनी १९२६ पासून रजेच्या दिवसांत, मित्रांसह आणि स्वखर्चाने मोटारप्रवास आरंभिले. १९२९, १९३० आणि १९३२ च्या मोहिमांत त्यांनी फोर्ड गाड्यांनिशी लिबियन वाळवंटाच्या दुर्गम भागांत प्रवेश केला. मोटार ज्यात शिरूच शकणार नाही असे समजले जाई, तो 'महान वालुकासागर'ही त्यांनी पार केला. टायरमधील हवा कमी करणे, रेडिएटरची वाफ पुन्हा पाण्यात परत आणणारी टाकी, लोखंडी गाडीत भरवशाचे न राहणाऱ्या चुंबकी होकायंत्राऐवजी सूर्याच्या छायेवर चालणारे यंत्र, आणि रुतलेल्या चाकाखाली घालावयाच्या पोलादी पन्हळी ही या प्रवासांची फळे होत. या पन्हळी मूळच्या पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या छपरांसाठी बनविलेल्या होत्या आणि कैरोच्या भंगारात सापडल्या होत्या.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. टायरमधील हवा कमी करण्याचा हेतू केवळ चाक वाळूत रुतू नये एवढाच नव्हता. मऊ टायर स्वतःच बारीक धक्के गिळतो आणि कमानीचे ओझे हलके करतो. बॅगनोल्ड यांच्या युक्त्या परस्परांपासून सुट्या नव्हत्या. वजन, चाक, पाणी आणि कमान यांचा तो एकच ताळेबंद होता.

(३)

१९३९ च्या शरद ऋतूत बॅगनोल्ड यांना घेऊन पूर्व आफ्रिकेकडे निघालेल्या जहाजाची भूमध्यसमुद्रात टक्कर झाली. दुरुस्तीसाठी जहाज थांबले असता ते कैरोस गेले आणि तेथेच त्यांची नेमणूक झाली. १० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरल्यावर त्यांची जुनी योजना सेनापती वेव्हेल यांनी उचलून धरली आणि पथक उभारण्यास अवघे सहा आठवडे दिले. आरंभीचे सैनिक मुख्यतः न्यूझीलंडचे स्वयंसेवक होते.

गाडी निवडताना बॅगनोल्ड यांनी सैनिकी बनावटीची मालमोटार नाकारून बाजारातील तीस हंड्रेडवेट, म्हणजे दीड टन भाराची, मागील दोनच चाकांना गती असलेली शेव्हरोले गाडी पसंत केली. काही गाड्या अलेक्झांड्रियातील विक्रेत्यांकडून, तर काही इजिप्तच्या सैन्याकडून मिळविल्या. त्यांची दारे, काचा आणि छपरे काढून टाकली आणि कमानींत जादा पाटे घातले.

हे जादा पाटे या पथकाच्या इतिहासाचा गाभा आहेत. दीड टनाच्या गाडीवर प्रत्यक्षात दोन टनांच्या आसपास पेट्रोल, पाणी, अन्न, दारूगोळा व माणसे लादावयाची होती. पाटे वाढविल्याने भार अधिक पाट्यांत वाटला जाई आणि प्रत्येकावरील ताण कमी होई. परंतु वाढविलेली कमान ताठ होते. जो धक्का ती वाकून गिळीत नाही तो सांगाड्याकडे, आसाकडे, माणसांच्या पाठीकडे आणि मालाकडे जातो. ब्रिटिश सैन्याचे पेट्रोल त्या काळी पातळ पत्र्याच्या चार गॅलनी डब्यांतून नेले जाई. हे डबे धक्क्यांनी सांध्याशी फुटत, आणि त्यामुळे होणारी गळती हे वाळवंटातील सैन्याचे कायमचे दुखणे होते. पाटे वाढवावेत तर डबे फुटतात, कमी ठेवावेत तर कमान तुटते. या दोहोंच्या दरम्यान जी अरुंद वाट होती तीच पथकाची वाट होती.

ही वाट कोठवर जाऊ शकते हे १९४०-४१ च्या हिवाळ्यात दिसले. डिसेंबरच्या अखेरीस कैरोहून निघालेल्या दोन तुकड्यांनी चाडमधील स्वतंत्र फ्रेंच सैनिकांसह ११ जानेवारी १९४१ रोजी नैर्ऋत्य लिबियातील मुर्झुक येथील विमानतळावर छापा घातला. कैरोस परत येईपर्यंत दीड महिना लोटला आणि चार हजारांहून अधिक मैल अंतर तोडले गेले. गाडी गमावणे म्हणजे काय हेही याच मोहिमेत कळले. ३१ जानेवारी रोजी जेबेल शरीफपाशी इटालियन तुकडीच्या हल्ल्यात गाड्या जळाल्यावर चार माणसे अगदी थोड्या पाण्यानिशी पायी निघाली. त्यांतील मूर हा सैनिक दहाव्या दिवशी फ्रेंचांना सापडला, तोवर तो सुमारे २१० मैल चालला होता. चौघांपैकी एक दगावला. तेथे गाड्या शत्रूने नष्ट केल्या होत्या. पण एकटी पडलेली गाडी तुटलेल्या कमानीमुळे थांबली असती, तरी माणसांपुढील अंतर तितकेच राहिले असते.

(४)

मार्च १९४१ पासून शेव्हरोलेच्या जागी चारही चाकांना गती असलेल्या कॅनेडियन फोर्ड गाड्या येऊ लागल्या. वरकरणी ही प्रगती होती. रुतलेली गाडी स्वतःच्या बळावर निघावी, यात गैर ते काय? परंतु ही गाडी जड होती आणि तिला जवळजवळ दुप्पट पेट्रोल लागे.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. गॅलनला दहा मैल जाणाऱ्या गाडीस हजार मैलांसाठी १०० गॅलन पेट्रोल लागेल. त्याचे वजन, डबे वगळून, सुमारे ७२० पौंड होते. गॅलनला पाच मैल जाणाऱ्या गाडीस २०० गॅलन, म्हणजे १,४४० पौंड पेट्रोल लागेल. तीस हंड्रेडवेट म्हणजे ३,३६० पौंड. अर्थात दुसऱ्या गाडीच्या अधिकृत भारक्षमतेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भाग ती स्वतःच खाऊन टाकील. अन्नपाणी कमी करता येत नाही. म्हणून एक तर पल्ला घटवावा लागतो, किंवा भार वाढवून कमानींवर संकट ओढवून घ्यावे लागते.

ज्ञानाची जागा शक्तीने घेतली की काय होते, याचा हा बोलका नमुना होय. पथकाने तो धडा लवकर घेतला. मार्च १९४२ पासून फोर्ड गाड्यांच्या जागी खास मागविलेल्या २०० कॅनेडियन शेव्हरोले गाड्या क्रमाने आल्या. त्या पुन्हा दोनच चाकांना गती देणाऱ्या होत्या. म्हणजे एका वर्षाच्या वळणानंतर १९४० चा निर्णयच खरा ठरला.

या नव्या गाड्यांनिशी सप्टेंबर १९४२ मध्ये बार्से येथील छाप्यासाठी मेजर ईझनस्मिथ यांच्या तुकड्यांनी ११५५ मैलांचा मार्ग आक्रमिला. वाटेत वाळूच्या धारदार माथ्यावरून जीप उलटून कॅप्टन टिम्प्सन जखमी झाले. छापा यशस्वी झाला, पण परतताना शत्रूच्या हल्ल्यांत बहुतेक गाड्या नष्ट झाल्या आणि काही माणसांना पायी चालावे लागले.

(५)

या इतिहासाशी भारताचा संबंध आहे, आणि तो आपल्याकडे पुरेसा ज्ञात नाही. १९४१ च्या अखेरीस सीरियामध्ये 'इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन' उभारण्यात आली. तिचे सैनिक तिसऱ्या भारतीय मोटार ब्रिगेडमधील सेकंड लान्सर्स, इलेव्हन्थ कॅव्हल्री आणि एटीन्थ कॅव्हल्री या पलटणींतून आले होते. जाट, मुसलमान, रजपूत व शीख अशा तिच्या तुकड्या होत्या आणि १९४२ मध्ये ती वाळवंटी पथकास जोडून देण्यात आली.

या पलटणी काही थोड्या वर्षांपूर्वीपर्यंत घोड्यांवर होत्या. मुक्कामावर उतरताच स्वतःच्या जेवणाआधी जनावराचे खूर, नाल आणि पाठ पाहण्याची घोडदळाची शिस्त असते. रोजच्या मुक्कामी गाडीखाली निजून यू-बोल्ट आवळणे आणि पाट्यांवर तडा शोधणे हे काम त्याच जातीचे आहे. यंत्र नवे असले तरी, जे वाहन आपल्याला वाहून नेते त्याच्या शिणण्याची आधी दखल घ्यावी, हा संस्कार जुनाच होता.

(६)

आता साधनांविषयी थोडे. पथकाविषयीचे मूलभूत लेखन अधिकाऱ्यांचे आहे. बॅगनोल्ड यांचे प्रवासवर्णन १९३५ चे, तर पथकाचे माहिती-अधिकारी केनेडी शॉ यांचा ग्रंथ १९४५ चा. अधिकारी मार्ग, दिशा, शत्रू आणि निर्णय यांविषयी लिहितो. प्रत्येक तुकडीबरोबर असणारा फिटर आणि तळावरील दुरुस्ती-पथक यांचे काम त्यात ओझरतेच येते, कारण ज्या दिवशी ते उत्तम होते त्या दिवशी नोंदण्याजोगे काही घडतच नाही. म्हणून अशा इतिहासासाठी सुट्या भागांच्या मागण्या, भाराच्या याद्या आणि प्रत्यक्ष वस्तू यांकडे वळले पाहिजे. वाळवंटात सोडून दिलेली पथकाची एक शेव्हरोले गाडी पुढे शोधून आणण्यात आली आणि ती लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. अशी गाडी हाही एक दस्तऐवजच होय.

मराठ्यांच्या मोहिमांचा अभ्यासक दाणावैरण कोठून आली, घोडी किती दिवस चालली आणि किती मेली, हे विचारल्यावाचून पुढे जात नाही. पानिपताच्या मोहिमेचा विचार वैरणीच्या प्रश्नावाचून होऊच शकत नाही. मोटारींच्या मोहिमांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. लिबियाच्या वाळवंटातील उदाहरण असे सांगते की पल्ला ही इच्छाशक्तीने वाढणारी गोष्ट नव्हती. शांततेच्या काळात, कोणत्याही लाभावाचून केलेल्या प्रवासांत जमलेल्या ज्ञानाने तो वाढला. ते ज्ञान बाजूस सारताच तो घटला, आणि पुन्हा स्वीकारताच परत मिळाला. नकाशावर ओढलेल्या त्या लांब रेषा सेनानायकांनी आखल्या हे खरे. त्या कोठे संपावयाच्या, हे मात्र गाडीखाली निजलेल्या माणसाला रोज संध्याकाळी हातातल्या पान्याने कळत असे.