प्रोसेस संपते, तिची ओळ उरते

१९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या छोट्या संगणकावर युनिक्स ही कार्यप्रणाली उभी करायला घेतली. दोन टर्मिनल, दोन प्रोसेस (म्हणजे चालू असलेले प्रोग्राम). दिलेलं काम झालं की शेलची, म्हणजे आदेश घेणाऱ्या प्रोग्रामची, ताजी प्रत त्याच जागी मेमरीत चढायची आणि संपलेला प्रोग्राम तिच्याखाली पुसला जायचा. मागे काही उरतच नव्हतं.

मग प्रोसेसमधून दुसरी प्रोसेस काढणारा 'फोर्क' आला, असेम्ब्लीच्या अवघ्या २७ ओळींत. आता शेल जिवंत राही आणि काम त्याची अपत्य-प्रोसेस करी. पण ती संपल्याचं पालकाला कळायचं कसं? शेल तिला एक निरोप पाठवून अडून बसे. अपत्य तो निरोप उचलतच नसे. ते संपलं की 'अशी प्रोसेस नाही' अशी चूक शेलकडे परत येई, आणि तीच समाप्तीची खबर! रिचींनीच हे लिहून ठेवलं आहे. एका चुकीच्या सूचनेतून 'वेट', म्हणजे अपत्य संपेपर्यंत थांबण्याची सोय, जन्मली, ही मला युनिक्सच्या कुळातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पुढे 'वेट' स्वतंत्र झाला. प्रोसेस संपताच कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तिची मेमरी सोडवतो, फायली बंद करतो. पण प्रोसेसच्या तक्त्यातली तिची ओळ ठेवतो. तीत तिचा निकाल असतो: शून्य म्हणजे काम फत्ते. पालकाने तो वाचेपर्यंतच्या त्या ओळीला झॉम्बी म्हणतात. हे जतन योग्यच आहे, नाहीतर केलेल्या कामाचा जाब कुणालाच मिळाला नसता. पालकच आधी संपला, तर क्रमांक १ची 'इनिट' त्या अनाथाला पदरात घेते. अँड्रॉइड फोनमध्येही हीच रीत चालते. तिथे 'झायगोट' अ‍ॅप्सना जन्म देते आणि संपलेल्यांचे निकालही गोळा करते.

संपल्याची खबर पोहोचण्याची ही सोय माणसांच्या नोंदींनाही हवी असते. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. माणूस गेल्याचं घरच्यांनी आधारच्या पोर्टलवर कळवण्याची सोय मात्र २०२५ साली आली. मधली वर्षं आपण 'वेट'विना काढली, आणि एवढा उशीर व्हायला नको होता. प्रोसेसची ओळ पुसली की तिचा क्रमांक पुढे दुसरीला मिळू शकतो. आधार क्रमांक दुसऱ्या कुणाला कधीच दिला जात नाही. तो फक्त निष्क्रिय होतो, घरच्यांनी कळवल्यावर किंवा मृत्यू-नोंदणीच्या माहितीवरून.