ईआरपीनेक्स्टची डॉकर इमेज वाटताय? मग डब्यात काय भरलंय ते आधी बघा

मानवत आणि सेलू ही परभणी जिल्ह्यातली कापसाची गावं. तिथल्या एखाद्या जिनिंगवाल्याला किंवा मोंढ्यातल्या आडत्याला आवक, वजन, हिशेबपट्टी आणि जीएसटी एकाच जागी ठेवायचं असेल, तर महागड्या सॉफ्टवेअरला एक पर्याय आहे. त्याचं नाव ईआरपीनेक्स्ट. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या फ्रापे कंपनीचं हे सॉफ्टवेअर आहे. ते ओपन सोर्स आहे आणि जगभर वापरलं जातं.

आता समजा, गावातल्या एका तरुणाने ते घेतलं, त्यात मोंढ्याला चालेल अशी हिशेबपट्टी बसवली आणि सगळं एका कंटेनर इमेजमध्ये बांधून डॉकर हबवर टाकलं. “ओपन सोर्सच आहे, कुणीही घ्या.” हेतू चांगलाच आहे. पण त्या क्षणी तो नुसता वापरणारा राहत नाही, वाटणारा होतो. ओपन सोर्स परवान्यांच्या बहुतेक अटी लागू होतात त्या वाटणाऱ्यालाच.

कृती वेगळी, डबा वेगळा

कंटेनर इमेज म्हणजे सॉफ्टवेअर आणि ते चालायला लागणारं सगळं सामान एकत्र भरलेला डबा. कुठल्याही सर्व्हरवर उघडा, आतलं तसंच चालतं. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने ही पद्धत घरोघरी नेली. हा डबा कसा भरायचा, हे ज्या फाइलीत लिहिलेलं असतं ती डॉकरफाइल.

गोंधळ इथेच होतो. डॉकरफाइल ही फक्त कृती आहे: डेबियन घ्या, पायथन घाला, ईआरपीनेक्स्ट उतरवून घ्या. ती छापून वाटली तर तुम्ही दुसऱ्याचं सॉफ्टवेअर देत नाही. इमेज वाटली तर देता, आणि आतल्या प्रत्येक वस्तूचा परवाना तुमच्या गळ्यात येतो. फ्रापेने इमेज बांधण्याची आपली कृती एमआयटी परवान्याखाली ठेवली आहे. म्हणून तयार इमेज एमआयटी होत नाही.

त्या डब्यात असतं काय? फ्रापे फ्रेमवर्क एमआयटी परवान्याचं. त्यावर उभं असलेलं ईआरपीनेक्स्ट जीपीएल आवृत्ती ३ चं. खाली डेबियन, त्यातला बॅश जीपीएल ३ आणि जीलिबसी एलजीपीएल. वेब सर्व्हर एन्जिनएक्स बीएसडी पद्धतीच्या परवान्याचा. बिलांची पीडीएफ काढायला अनेक वर्षं याच इमेजमध्ये डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ हा प्रोग्रॅम येत आला आहे. तो एलजीपीएलखाली आहे आणि २०२३ मध्ये त्याचं काम अधिकृतपणे थांबलं.

एमआयटी आणि बीएसडी यांचं मागणं थोडं असतं: आमचं नाव आणि परवान्याचा मजकूर काढू नका. जीपीएलचं मागणं मोठं आहे. ज्याला तुम्ही चालणारा प्रोग्रॅम दिलात, त्याला त्याच आवृत्तीचा सोर्स कोडही मिळाला पाहिजे.

ईआरपीनेक्स्टच्या बाबतीत एक सोय आहे. ते मुख्यतः पायथनमध्ये लिहिलेलं असल्याने त्याचा सोर्स इमेजच्या आतच असतो. बॅशसारख्या गोष्टी मात्र मशिनी रूपात येतात. त्यांचा सोर्स देण्याची जबाबदारी बहुतेक जण विसरतात, कारण आपण बॅश ‘वाटतो आहोत’ हे कुणाच्या डोक्यातच नसतं. डेबियनने स्वतःच्या जुन्या-नव्या सगळ्या पॅकेजांचं सोर्ससकट संग्रहालय ठेवलं आहे. जीपीएल ३ नुसार सोर्स दुसऱ्याच्या सर्व्हरवर असला तरी चालतो. फक्त तो कुठे आहे हे इमेजशेजारी स्पष्ट लिहावं लागतं आणि तो तिथे टिकेल हे तुम्ही बघायचं.

इमेज लहान करण्याच्या नादात काही जण सगळी कागदपत्रंही उडवतात. चार-दोन एमबी वाचतात आणि परवान्याचे मजकूर जातात. डेबियनची ‘स्लिम’ इमेजसुद्धा बाकीचं वजन उतरवते, पण कॉपीराइटच्या फाइली ठेवते. अल्पाइन लिनक्समध्ये असे मजकूर सहसा वेगळ्या पॅकेजात असतात, म्हणून तिथे ते स्वतःहून घालावे लागतात.

सोर्स द्यायचा कुणाला?

अख्ख्या जगाला नाही. ज्याच्या हाती तुम्ही प्रोग्रॅम दिला, त्याला. तरुणाने बदललेलं ईआरपीनेक्स्ट स्वतःच्याच सर्व्हरवर चालवलं आणि आडत्याने ते ब्राउझरमधून वापरलं, तर जीपीएलच्या भाषेत वाटप झालेलंच नाही. तेव्हा बदल उघड करायची सक्ती नाही. एजीपीएल नावाचा परवाना हीच फट बुजवण्यासाठी आला. त्यात बदललेला प्रोग्रॅम नेटवरून वापरणाऱ्यालाही सोर्स द्यावा लागतो. ईआरपीनेक्स्ट एजीपीएलखाली नाही.

इमेज डॉकर हबवर सर्वांसाठी टाकली की ती उतरवणारा प्रत्येक जण हक्कदार होतो.

तिसरा प्रकार आपल्याकडे जास्त घडण्यासारखा आहे. जिनिंगच्या आवारात नेट धड चालत नाही, म्हणून तरुण सगळ्या इमेज एका फाइलीत बांधतो आणि पेनड्राइव्हवर घालून नेतो. नेट असतं तर मारियाडीबी आणि रेडिस यांच्या इमेज ग्राहकाच्या मशीनने परस्पर मूळ ठिकाणाहून घेतल्या असत्या. पेनड्राइव्हमुळे त्याही आता तरुणाच्या हातून गेल्या. शिवाय पेनड्राइव्ह ही जीपीएलच्या दृष्टीने हातात देण्याची वस्तू. मग एक तर सोर्सही सोबत द्यायचा, नाहीतर ‘मागाल तेव्हा सोर्स देऊ’ असं किमान ३ वर्षं लागू राहील असं लेखी वचन द्यायचं. माझ्या मते इथे सरळ सोर्स त्याच पेनड्राइव्हवर घालावा. ३ वर्षं वचन सांभाळण्यापेक्षा काही जीबी जागा स्वस्त पडते.

आडत्याचा यात काय फायदा? तरुण उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला, तर हिशेबाची यंत्रणा दुसऱ्या कुणाकडून तरी दुरुस्त करून घेता आली पाहिजे. सोर्स हाती नसेल तर ऐन हंगामात पट्ट्या अडतील.

तरुणाने स्वतः लिहिलेला हिशेबपट्टीचा भागही जीपीएलखाली द्यावा लागतो का? तो थेट ईआरपीनेक्स्टच्या कोडमध्ये बदल करून केला असेल तर हो. फक्त फ्रापे फ्रेमवर्कवर उभा असेल तर नाही. मधल्या प्रकारांबद्दल जाणकारांतही एकमत नाही. अट मोडली तर परवाना रद्द होतो, आणि भारतात सॉफ्टवेअर हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली येतं. मात्र जीपीएल ३ पहिल्या चुकीला सवलत देतं: नोटीस आल्यापासून ३० दिवसांत सुधारणा केली की हक्क परत मिळतो.

टॅग लावताना

इमेजवर लावलेला आवृत्तीचा टॅग पक्का नसतो. आज ज्या टॅगखाली एक इमेज आहे, उद्या त्याच टॅगखाली दुसरी चढवता येते. सुरक्षेची दुरुस्ती घालून तोच टॅग पुन्हा वापरला की आतली पॅकेजं बदलतात आणि सोर्सची जुनी यादी खोटी ठरते. म्हणून प्रत्येक रिलीजसोबत आतल्या पॅकेजांची यादी काढून ठेवावी. सिफ्टसारखी मोफत साधनं ती बनवतात. इमेजची खरी ओळख म्हणजे तिचा डायजेस्ट, तोही यादीवर लिहावा.

इमेज थरांनी बनते, एकावर एक. खालच्या थरात पासवर्डची फाइल आली आणि वरच्या थरात ती पुसली, तर ती फक्त दिसेनाशी होते, डब्यात असतेच. ज्याच्या वाटपाला परवानगी नाही अशा फॉन्टचंही तसंच. वरून पुसला तरी तो वाटला गेलेलाच असतो.

घेणाऱ्यानेही एक लक्षात ठेवावं. परवाना सोर्सचा हक्क देतो, तयार इमेज कायम मिळत राहील याची हमी देत नाही. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्रॉडकॉमच्या ताब्यातल्या बिटनामीने वर्षानुवर्षं मोफत असलेल्या बहुतेक इमेज जुन्या मालाच्या कोपऱ्यात हलवल्या. त्या इमेजना पुढे नवी दुरुस्ती मिळणार नव्हती. ऑक्टोबरमध्ये मिनआयओने मोफत आवृत्तीच्या तयार इमेज देणं थांबवलं. सोर्स एजीपीएलखाली उघडाच होता, बांधून घ्या म्हणाले. परवाना दोन्हीकडे मोडला नाही, पण रोज आपोआप इमेज ओढणाऱ्यांची धावपळ झाली.

आणि नावाचं राहिलंच. जीपीएल कोडवर हक्क देतं, ट्रेडमार्कवर नाही. फ्रापेने ईआरपीनेक्स्टचं नाव आणि लोगो वापरण्याचे वेगळे नियम लावले आहेत. बदललेल्या इमेजला स्वतःचं नाव द्यावं आणि ती ईआरपीनेक्स्टवर आधारलेली आहे, इतकंच वर्णनात लिहावं.