आणीबाणीचा आकडा

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडे शाफ्ट करून घ्यायला गेलात, तर लांबी-व्यास तो नंतर विचारतो. आधी विचारतो, "मटेरियल काय धरायचं?" तुम्ही गप्प राहिलात तर स्वतःच सांगून मोकळा होतो, "ईएन एट घालू." भाराचं काम असेल तर ईएन ट्वेंटीफोर, घासाघासीचं असेल तर ईएन थर्टीवन, गिअर असेल तर ईएन थ्री फिफ्टीथ्री, पाट्याची स्प्रिंग असेल तर ईएन फोर्टीफाइव्ह. स्टीलच्या दुकानात हीच नावं फळ्यावर आणि हीच बिलात. रॉडच्या टोकाला फासलेला रंगही या नावांच्याच ओळखीसाठी. मात्र कोणत्या नावाला कोणता रंग, हे दुकानागणिक बदलतं, म्हणून एका दुकानातली ओळख दुसऱ्या दुकानात वापरू नये.

हे 'ईएन' कुठून आलं? विचारलं तर बहुतेक जण 'युरोपियन नॉर्म' असं सांगतात. ते खरं नाही, आणि साध्या वयाच्या हिशेबानं खोडता येतं. युरोपातल्या देशांची सामाईक मानकं काढणारी समिती १९६१ सालची. ईएन-८ तिच्याहून वीस वर्षांनी थोरलं. त्याचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला, ब्रिटनमधला, आणि ती दोन अक्षरं आहेत 'इमर्जन्सी नंबर'ची. आपण ज्याला ग्रेड म्हणतो तो मुळात आणीबाणीचा आकडा आहे.

पोलादाला मानक लावण्याची ब्रिटिशांची खटपट त्याआधी चाळीस वर्षं चालू होती. १९०१ साली लंडनमध्ये इंजिनिअरांची समिती बसली. तिनं पहिल्यांदा आकारांना हात घातला. गर्डर, अँगल, ट्रामचे रूळ यांचे शेकडो आकार बाजारात होते. ट्रामरुळांचे पंचाहत्तर प्रकार होते, ते पाचावर आणले. हिंदुस्थानातल्या रेल्वेसाठी इंजिनांचे ठरावीक नमुनेही याच समितीनं आखून दिले. पण आकार आवरणं सोपं. पोटातली रसायनं आवरणं अवघड, कारण तिथं प्रत्येक पोलाद कारखान्याची आपली पाककृती, आपलं नाव आणि आपली मिरासदारी होती. विमानाच्या इंजिनाला एक नाव, तोफेला दुसरं, मोटारीला तिसरं, आणि आतलं पोलाद पुष्कळदा जवळपास तेच.

युद्ध सुरू झाल्यावर ही चैन परवडेना. निकेल मुख्यतः कॅनडातून अटलांटिक ओलांडून यायचं, आणि वाटेत जर्मन पाणबुड्या होत्या. मिश्रधातू जपून वापरायचा तर आधी जातींचं जंगल तोडायला हवं होतं. १९४१ साली ब्रिटिश मानक ९७० निघालं आणि सगळी घडीव पोलादं एका रांगेत उभी केली गेली, पहिल्या खेपेला ईएन-१ पासून ईएन-५८ पर्यंत. सुरुवातीला सहज कापली जाणारी आणि साधी कार्बनची पोलादं, मध्ये निकेल-क्रोमियमवाली, शेवटाकडे व्हॉल्व्हची आणि स्टेनलेस. आकडा म्हणजे फक्त रांगेतली जागा. ईएन-८ मध्ये आठ असं काहीच नाही. त्यात कार्बन ०.३५ ते ०.४५ टक्के आणि मँगनीज ०.६० ते १.०० टक्का, एवढाच त्याचा मुख्य मजकूर.

आकड्यामागे लागणारी अक्षरं मात्र बोलकी आहेत. ईएन-२४ च्या मागे 'टी' लागतो तो ताकदीचा. ही अक्षरं चढत्या भाजणीत बसवली होती: 'आर' म्हणजे चौरस इंचाला किमान पंचेचाळीस टन, 'एस' म्हणजे पन्नास, 'टी' म्हणजे पंचावन्न. आज टीसीवर, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेटवर, 'टी'समोर ८५० न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर असं छापलेलं असतं. हे ८५० कुठून आलं, असा प्रश्न इंजिनिअरिंगच्या मुलांना पडत नाही, पडावा. पंचावन्न ब्रिटिश टनांचं ते भाषांतर आहे. टन गेला, इंच गेला, तरी त्यांचा आकडा न्यूटनच्या कपड्यात वावरतो आहे.

ईएन-८ च्या मागे लागणारा 'डी' निराळा. तो कार्बनचा पट्टा अरुंद करतो, ०.४० ते ०.४५. ए, बी, सी, डी अशा चार फोडी होत्या, आपल्याकडे बाजारात मुख्यतः शेवटची उरली. जालन्याच्या रोलिंग मिलमधून येणाऱ्या बांधकामाच्या सळीवरही 'डी' असतो, ५००डी. तिथं त्याचा अर्थ तन्यता, म्हणजे भूकंपात सळी तुटण्याआधी किती ताणली जाईल ते. दोन्ही 'डी' एकाच ट्रकमधून गेले तरी एकमेकांना ओळखत नाहीत.

१९४१ साली चिकलठाणा निजामाच्या राज्यातलं एक गाव होतं. हे आकडे तिथं थेट आलेले नाहीत. आधी ते आले मुंबई-पुण्याला, लष्करी कारखान्यांत, रेल्वेच्या वर्कशॉपात, ब्रिटिश यंत्रांच्या ड्रॉइंगांवर बसून. पुढे खोपोलीच्या महिंद्र युजीनसारखे, कळव्याच्या मुकुंदसारखे मिश्र पोलादाचे कारखाने महाराष्ट्रातच उभे राहिले आणि गिऱ्हाईक जी नावं घेत होतं त्याच नावांनी माल विकला जाऊ लागला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झालं, त्याच दशकात चिकलठाण्याची वसाहत आखली गेली. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि सुटे भाग करणारी शेडं शहराच्या दोन्ही अंगांना वाढली. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम उभी राहिली, तिथं पोरं डाय करायला शिकू लागली. हे सगळं होईपर्यंत ब्रिटनमध्ये ईएन आकडे कागदावरून पुसलेही गेले होते.

सत्तरच्या दशकात ब्रिटिशांनी आपल्या पोलादांचं नव्यानं बारसं केलं. ईएन-८ झालं ०८०एम४०. हे नाव फार हुशारीनं बेतलेलं आहे: ०८० म्हणजे मँगनीज सुमारे ०.८० टक्के, ४० म्हणजे कार्बन सुमारे ०.४० टक्के, मधला 'एम' म्हणजे यांत्रिक गुणांची हमी. नाव वाचलं की पोलाद कळतं. आणि तरी ते कोणाच्या तोंडी बसलं नाही. लेथच्या घरघरीत पलीकडच्या पोराला ओरडून सांगता येईल असं नाव ते नव्हे. ब्रिटनमधले स्टीलचे व्यापारीसुद्धा अजून ईएन एटच म्हणतात. नव्वदच्या दशकात युरोपची सामाईक मानकं आली, ०८०एम४० ची जागा सी४० नं घेतली आणि या नव्या मानकांच्या क्रमांकाआधीही 'ईएन' हीच अक्षरं लागली. 'युरोपियन नॉर्म'चा गैरसमज तिथून पसरला असावा. आज जर्मन गिऱ्हाइकाला 'ईएन ८' असं लिहून पाठवलं तर तो युरोपियन मानकांच्या यादीत आठवा क्रमांक शोधत बसेल.

आपल्याकडे नवं नाव देण्याची संधी होती आणि ती घेतलीही गेली. भारतीय मानक संस्था ६ जानेवारी १९४७ ची, स्वातंत्र्याच्या सात महिने आधीची. आंतरराष्ट्रीय मानक संघटना, म्हणजे आयएसओ, त्याच वर्षी फेब्रुवारीत कामाला लागली आणि तिच्या संस्थापक देशांत भारत होता. (भारतीय मानकांतला पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाचा. त्या ध्वजाची खादी आपल्या मराठवाड्यात, नांदेडलाही तयार होते, हे मराठवाड्यातल्याच पुष्कळांना ठाऊक नसतं.) भारतीय नामकरणात ईएन-८ ला मिळालं ४०सी८: कार्बन ०.४०, मँगनीज ०.८. सुटसुटीत, दोन्ही आकडे सांगणारं, ब्रिटिशांच्या ०८०एम४० पेक्षा कितीतरी सोपं. तेही सरकारी निविदेपलीकडे फारसं गेलं नाही. याचं मला वाईट वाटतं, कारण हे नाव खरोखर चांगलं होतं.

नावांपुरता प्रश्न असता तर तो गमतीचा विषय म्हणून सोडून देता आला असता. पण शेडमध्ये येणारं ड्रॉइंग आता जर्मन असतं, जपानी असतं, अमेरिकन असतं. जर्मन ड्रॉइंगवर १.०५११ लिहिलेलं असतं, जपानीवर एस४०सी, अमेरिकनवर १०४०. भिंतीवरच्या 'इक्विव्हलंट ग्रेड'च्या तक्त्यात ही सगळी ईएन-८ च्या ओळीत बसलेली असतात, आणि तक्त्यावर विश्वास ठेवणारा तिथंच फसतो. ईएन-८ ला मँगनीज १.०० टक्क्यापर्यंत चालतं. ४०सी८ ला आणि अमेरिकन १०४० ला ०.९० पर्यंतच. युरोपच्या सी४० ला ०.८० पर्यंतच. ०.९५ मँगनीजचा रॉड ईएन-८ म्हणून निर्दोष आहे आणि बाकी तिघांच्या दारात नापास. कार्बन ०.३६ असेल तर अमेरिकन आणि युरोपियन दारांत तेच. ईएन-८ ची खालची हद्द ०.३५ आहे, १०४० ची आणि सी४० ची ०.३७.

हा फरक कागदावरचा नाही. शाफ्टच्या घासणाऱ्या भागाला इंडक्शननं तापवून पाणी द्यायचं असतं. ०.३६ कार्बनचा शाफ्ट आणि ०.४४ कार्बनचा शाफ्ट एकाच कॉइलमधून, एकाच वेळात काढले तर पहिला अपेक्षेपेक्षा नरम राहतो आणि दुसरा तडकायची भीती असते. दोन्ही ईएन-८, दोन्हींची टीसी बरोबर. हीट ट्रीटमेंटवाला 'ईएन एट डी'च आणा म्हणून हटून बसतो तो यामुळे.

मग आत काय आहे ते कळणार कसं? जुना उपाय ग्राइंडरवरच्या ठिणगीचा. कार्बन कमी असेल तर ठिणगीची लांब सरळ रेघ, वाढला की रेघेला फाटे आणि चांदण्या. मुरलेला माणूस यावरून ईएन-८ आणि ईएन-३१ सहज वेगळे काढतो. ०.३६ आणि ०.४४ मात्र त्यालाही काढता येणार नाहीत. त्यासाठी स्पेक्ट्रो, म्हणजे स्पेक्ट्रोमीटर. आर्गॉन वायूत पोलादाच्या घासलेल्या पृष्ठावर विजेची ठिणगी पाडायची, तिथला धातू वाफ होऊन उजळतो, त्या उजेडाच्या रेषा वेगळ्या करून प्रत्येक मूलद्रव्याचं प्रमाण काढायचं. कार्बनची रेषा १९३ नॅनोमीटरच्या आसपास, अतिनील भागात; साधी हवा ती गिळून टाकते, म्हणून आर्गॉन. म्हणजे उपाय पुन्हा ठिणगीचाच, फक्त डोळ्याच्या जागी यंत्र.

पण यंत्रालाही ०.४० म्हणजे किती हे कोणीतरी शिकवावं लागतं. इथं सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग येतो. स्पेक्ट्रोशेजारच्या कपाटात पोलादाच्या छोट्या चकत्या ठेवलेल्या असतात, प्रत्येकीबरोबर प्रमाणपत्र. ही प्रमाणित संदर्भद्रव्यं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बिडाचा कीस बाटल्यांत भरून द्यायला सुरुवात केली, कारण एकाच बिडाचं पृथक्करण वेगवेगळ्या ओतशाळांत वेगवेगळं येत होतं. ब्रिटनमध्ये १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, मिडल्सबरोच्या रिड्सडेल कुटुंबानं 'ब्रिटिश केमिकल स्टँडर्ड्स' सुरू केले. पद्धत अशी की एकाच पोलादाचा कीस अनेक रसायनतज्ज्ञांकडे पाठवायचा, प्रत्येकानं आपापल्या रीतीनं मोजायचं आणि सगळ्यांचे आकडे जुळवून मग त्या बाटलीवर मूल्य छापायचं. म्हणजे ०.४० हा आकडा निसर्गातून उतरलेला नसतो. भांडून, मोजून, सहमतीनं ठरवलेला असतो. भारतात दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आता 'भारतीय निर्देशक द्रव्य' या नावानं अशी द्रव्यं प्रमाणित करते.

प्रयोगशाळेचा शब्द परदेशात चालावा याची व्यवस्था त्याहून अलीकडची. आयएसओ/आयईसी १७०२५ हे प्रयोगशाळांसाठीचं मानक १९९९ चं. आपल्याकडची एनएबीएल ही संस्था प्रयोगशाळांना त्यानुसार मान्यता देते, आणि २००० साली तिनं आंतरराष्ट्रीय परस्परमान्यतेच्या करारात भाग घेतला. तेव्हापासून एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल सही करणाऱ्या देशांत ग्राह्य धरला जातो. या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीनं एक खोचक अट घातली. 'पास' किंवा 'फेल' लिहायचं असेल तर निर्णयाचा नियम आधी ठरवून गिऱ्हाइकाला सांगा. कार्बन ०.४५ आला आणि मोजमापाची अनिश्चितता ०.०१ असेल, तर तो रॉड ईएन-८ आहे की नाही? शेडमधल्या उत्तरात आणि प्रयोगशाळेच्या उत्तरात इथं फरक पडू शकतो, आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

'ईएन-८ आहे का बघा' असं म्हणून तुकडा प्रयोगशाळेत टाकला की समोरून विचारणा होते, कोणत्या मानकानुसार, कोणत्या सालचं? मागे घेतलेल्या मानकाचं नाव लिहायचं तर सालासकट लिहावं लागतं, म्हणून अहवालांवर अजून 'बीएस ९७०, १९५५' अशी जुनी आवृत्ती दिसते. दुसरीकडून केंद्राच्या पोलाद मंत्रालयाचे गुणवत्ता नियंत्रण आदेश आले आहेत. त्यांच्या यादीतल्या पोलादांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह लागतं, आणि पाणी देऊन कडक करायच्या पोलादांचं मानक आयएस ५५१७ त्या यादीत आहे. त्यामुळे आता टीसीच्या वरच्या रकान्यात आयएस ५५१७, ४०सी८ असं छापून येऊ लागलं आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी पेनानं 'ईएन ८ डी' लिहून ठेवतं.